पासपोर्टातली ती एक ओळ

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तिघांचा विषय एकच निघाला. जोडीदार परदेशी आहे, लग्न ठरलंय, त्याच्या किंवा तिच्या देशात जायचंय, आणि तिथे गेल्यावर हाताला काम मिळेल का ही काळजी. मी स्वतः २००८ साली सांगलीच्या गावभागातून उठून जर्मनीला गेले आणि चौदा वर्षं राहून परत आले. या एकाच गोष्टीपायी तिथला माझा पहिला हिवाळा वाया गेला. त्यामुळे या वेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून या तिघांनाच उत्तर देते.

प्रश्न

काकू, मी मिरजेत एका हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डला स्टाफ नर्स आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, सहा वर्षं नोकरी झाली. ढालगावच्या पठारावर पवनचक्क्यांच्या कामाला आलेला एक जर्मन तंत्रज्ञ हात मोडून आमच्याकडे दाखल झाला होता, तिथून आमची ओळख. दोन वर्षांनी घरचे तयार झाले. लग्न इथेच रजिस्टर पद्धतीनं करायचं आहे. एक एजंट म्हणतो, नवऱ्याकडे राहायचा व्हिसा वेगळा आणि वर्क परमिट वेगळं, दोन्ही मिळून दीड लाख लागतील. खरं आहे का? तिथे मला नर्सचंच काम करता येईल का? आई म्हणते आत्ताच राजीनामा टाक आणि जर्मनचा क्लास लाव. लग्नानंतर पासपोर्टवर नाव लगेच बदलून घे, असंही म्हणते.
— एक नर्स, मिरज

उत्तर

आधी ते दीड लाख वाचव. जर्मन नागरिकाचा नवरा किंवा बायको म्हणून तुला राहायची परवानगी मिळते तिच्यातच काम करायची परवानगी असते. नोकरी कर, स्वतःचा धंदा कर, दोन्ही चालतं. वर्क परमिट नावाचा वेगळा कागद तुझ्यासाठी नसतोच, मग तो काढून द्यायचे पैसे कसले?

हे मी इतक्या ठासून का सांगते, तेही सांगते. मला निघताना एकानं हेच सांगितलं होतं, की वर्क परमिटला वर्ष लागेल, तोवर काम केलंस तर परत पाठवतील. मी घाबरले. ऑक्टोबरमध्ये कासेलला पोचले आणि मार्चपर्यंत घरात बसून राहिले. दुपारी चारला अंधार पडायचा. सांगलीत मी हायस्कूलला गणित शिकवत होते, महिन्याच्या महिन्याला पगार आईच्या हातात देत होते, आणि तिथे दुधाच्या पिशवीलासुद्धा नवऱ्याकडे पैसे मागायचे. तो बिचारा न मागता देत होता, पण मला घास गोड लागत नव्हता. मार्चमध्ये भाषेच्या वर्गात शेजारी एक तुर्की बाई बसायची. तिला मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये माझं रडगाणं सांगितलं. तिनं माझा पासपोर्ट मागितला, परवान्याचं स्टिकर लावलेलं पान काढलं आणि त्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. ‘एअरवेर्ब्सटेटिश्काइट गेश्टाटेट.’ अर्थ एवढाच की कमाईचं काम करायला मुभा आहे. पाच महिने ती ओळ माझ्या पर्समध्ये होती आणि मी ती वाचलेली नव्हती. पुढच्या सोमवारी मी एका बेकरीच्या काउंटरवर कामाला लागले.

आता स्टिकरच्या जागी कार्ड मिळतं आणि शब्दही जरा बदललेत, पण तो पहिला लांबलचक शब्द तोच आहे. व्हिसा हातात पडला की त्याच दिवशी तो शब्द शोध, आणि शेजारी ‘निश्ट’, म्हणजे ‘नाही’, असं काही नाही ना ते बघ. तुझ्या बाबतीत नसणार. पण लग्नाआधी, ‘तिकडे जाऊन लग्न करायचं’ म्हणून जो व्हिसा देतात त्यावर काम करता येत नाही. लग्न होऊन पुढचा परवाना मिळेपर्यंत थांबावं लागतं. तुम्ही लग्न इथेच करताय, हे त्या दृष्टीनं फार चांगलं ठरवलंत. आणि एक, टुरिस्ट व्हिसावर जाऊन ‘बघू तिथे गेल्यावर’ असं कोणी सुचवलं तर कानाआड कर. तो व्हिसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो, त्यावर काम नाही, आणि तिथे बसून तो बायकोच्या व्हिसात बदलून मिळेल या भरवशावर घर सोडायचं नसतं.

लग्नाचं म्हणशील तर विशेष विवाह कायदा, १९५४. दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस रहिवास हवा, तो तुझा आहेच. विवाह अधिकाऱ्यांकडे नोटीस द्यायची, ती ३० दिवस ऑफिसात लावलेली असते, कोणाची वैध हरकत आली नाही की नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं, तीन साक्षीदार घेऊन. तो अविवाहित असल्याचा त्याच्या देशाचा दाखला लागेल. तो कोणत्या स्वरूपात आणि कोणत्या भाषांतरासह चालेल, हे नोटीस देण्याआधी ऑफिसात समक्ष जाऊन विचार. म्हणजे त्यानं दोन खेपा करायला नकोत.

आता भाषा. जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी ए-वन पातळीचं, म्हणजे अगदी पहिल्या पायरीचं, जर्मन दाखवावं लागतं. ऑगस्ट २००७ पासून हा नियम आहे, म्हणजे मी जायच्या वर्षभर आधी तो आला आणि मी त्याच्या तावडीत सापडले. नवऱ्याचा पगार किती, ही अट जर्मन नागरिकाच्या बायकोला सहसा लावत नाहीत, पण या परीक्षेतून सुटका फार थोड्यांची होते. पुण्याला मॅक्सम्युलर भवनात ती देता येते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, १०० पैकी ६० ला पास. तोंडीला आधी स्वतःची ओळख करून द्यायची असते, आणि मग परीक्षक नावाची अक्षरं लावायला सांगतात. इथे आपली मुलं अडखळतात, कारण तोंडात इंग्रजी अक्षरं बसलेली. समज तुझं आडनाव जाधव आहे. तर योट, आ, डे, हा, आ, फाउ. ‘जे’चा योट होतो आणि ‘व्ही’चा फाउ. मी रोज सकाळी आयर्विन पुलावरून फिरायला जायची तेव्हा दुकानांच्या पाट्या जर्मन अक्षरांत म्हणत जायची. पंधरा दिवसांत जीभ वळली. फोन नंबरही म्हणून दाखवायला सांगतात. तिथले आकडे आपल्यासारखेच, एकवीस म्हणताना ‘एक’ आधी आणि ‘वीस’ मागून. इंग्रजी माध्यमाच्या मुलांपेक्षा तुला ते लवकर जमेल.

पण तू ए-वनवर थांबू नकोस, आणि आता मी तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते.

काम करायची परवानगी आणि नर्सचं काम करायची परवानगी, या दोन गोष्टी आहेत. पहिली तुला लग्नामुळे मिळते. दुसरी तुझ्या शिक्षणाची तिथे मान्यता झाल्यावर मिळते. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट हे तिकडे सरकारनं नियमात बांधलेले व्यवसाय आहेत. नुसतं जीएनएमचं सर्टिफिकेट दाखवून वॉर्डात स्टाफ नर्स म्हणून उभं राहता येत नाही. मला हा धक्का शिक्षिका म्हणून बसला. माझं बी.एड. तिथल्या शाळेला चालणार नव्हतं, आणि पुन्हा विद्यापीठात जायची माझी तयारी नव्हती. मी पुढे एका छोट्या कंपनीत हिशेबाचं काम केलं, चांगलं केलं, पण फळ्यासमोर उभं राहायचं ते राहिलंच. तुझं तसं होऊ नये. आणि तुझ्या बाबतीत रस्ता पुष्कळ मोकळा आहे, कारण त्यांना नर्सेस हव्या आहेत.

मान्यतेला ते ‘आनेरकेनुंग’ म्हणतात. हा शब्द पाठ कर. ज्या राज्यात तू राहणार, त्या राज्याचं खातं तुझे कागद बघतं. तिथला नर्सिंगचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, किमान २१०० तास वर्गातले आणि २५०० तास प्रत्यक्ष वॉर्डातले. तुझ्या अभ्यासक्रमाचे तास त्याच्याशी ताडून बघतात. म्हणून नुसती गुणपत्रकं पुरत नाहीत. कोणत्या विषयाला किती तास थिअरी झाली, कोणत्या वॉर्डात किती तास पोस्टिंग झालं, याचं पत्र तुझ्या नर्सिंग स्कूलकडून हवं. आणि हे पत्र तू मिरजेत असतानाच घे! तिथे गेल्यावर इथल्या क्लार्कला फोन करून तासांचा तक्ता मागवणं म्हणजे काय असतं, ते मला विचारू नकोस. माझ्या वर्गातल्या एका केरळी मुलीला त्या एका कागदापायी अकरा महिने थांबावं लागलं.

बरोबर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू स्थितीत ठेव आणि हॉस्पिटलचं अनुभवपत्र घे. त्यावर ‘हिनं अमुक ते अमुक काळ काम केलं, वागणूक चांगली’ एवढंच नको. कोणत्या विभागात, आठवड्याला किती तास, कोणत्या प्रकारचे पेशंट, हे लिहून घे. वॉर्डाच्या सिस्टर इन्चार्जना आधी मसुदा करून दिलास तर त्या सही करतील, त्यांना वेळ नसतो. आणि तुझी मूळ सर्टिफिकेटं हॉस्पिटलनं स्वतःकडे ठेवून घेतली असतील तर आजपासून मागायला लाग. आपल्या भागात ही वाईट खोड आहे, मुलीची मूळ कागदपत्रं कपाटात कुलूपबंद करून ठेवायची. तो तुझा माल आहे. लेखी अर्ज दे, पोच घे.

कागद बघून तिकडचं खातं दोनपैकी एक उत्तर देतं. एक तर पूर्ण समान, नाहीतर इतकं इतकं कमी पडतं. आपल्याकडच्या बहुतेक मुलींना दुसरं येतं, त्यात खचण्यासारखं काही नाही. मग तुला निवड असते. एक तर परीक्षा द्यायची, किंवा काही महिने हॉस्पिटलात देखरेखीखाली काम करून ती तूट भरून काढायची. भाषा मात्र साधारण बी-टू, म्हणजे ए-वनपासून चौथी पायरी, लागते. ती झाली की २०२० पासून तिथे नर्ससाठी जी नवी पदवी आहे, ‘फ्लेगेफाखफ्राउ’, ती तुझ्या नावापुढे लागते. तोवर मदतनीस म्हणून काम करता येतं, वृद्धाश्रमात किंवा हॉस्पिटलात. काहीजणी ते कमीपणाचं मानतात, की स्टाफ नर्सनं आयाचं काम का करावं. मी तुला सांगते, ते कर. पेशंटच्या कुशीवर हात ठेवून ‘कुठे दुखतंय आजी’ हे ज्या जर्मनमध्ये विचारायचं, ते कोणत्याही वर्गात शिकवत नाहीत.

सरकारी वर्ग तरीही घेच. ‘इंटिग्रेशन कोर्स’ म्हणतात, नेहमीचा ७०० तासांचा, त्यात ६०० तास भाषा. त्याच्या शेवटी बी-वनपर्यंत पोचता येतं, म्हणजे तुझं अर्धं काम होतं.

पोचल्यावर काय? दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत राहत्या पत्त्याची नोंद. त्याला घरमालकाचं पत्र लागतं, ते नवऱ्याला आधीच घेऊन ठेवायला सांग. मग परदेशी नागरिकांच्या ऑफिसची वेळ, बोटांचे ठसे, कार्ड. कार्ड यायला उशीर लागला तरी तुझा व्हिसा चालू असेल आणि त्यावर ती ओळ असेल तर काम सुरू करायला अडचण नाही. नोकरी देणाऱ्या मालकाला तो कागद बघणं आणि त्याची प्रत ठेवणं बंधनकारक असतं. म्हणून तो पासपोर्ट मागेल, दचकू नकोस, दाखवून परत घे.

राजीनामा आत्ता देऊ नकोस. व्हिसाचा स्टिकर पासपोर्टात बसल्याशिवाय तर नाहीच. क्लास संध्याकाळचा किंवा ऑनलाइन लाव, नाइट ड्युटी असेल तेव्हा सकाळची बॅच घे. पगार चालू राहिला तर परीक्षेची फी, भाषांतरं, पुण्या-मुंबईच्या खेपा तुझ्या तुला करता येतील. आईला सांग, काकूंनी सांगितलंय.

नावाचं. आईचं मन मला कळतं, लग्नानंतर नाव बदललं नाही तर लोक काय म्हणतील. पण तुझं जीएनएम, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, अनुभवपत्रं सगळी माहेरच्या नावावर आहेत. पासपोर्ट तेवढा नव्या नावाचा झाला की प्रत्येक टेबलावर ‘ही तीच बाई’ हे सिद्ध करत बसायचं. पूर्ण मान्यता मिळेपर्यंत नाव आहे तेच ठेव. लग्नाचा दाखला तुमचं नातं सांगायला पुरेसा आहे. माझं नाव अजून माहेरचंच आहे आणि माझ्या सासूबाईंना, जर्मन असल्या तरी, पहिली दोन वर्षं ते खटकलं होतं, हेही सांगून टाकते.

आणि जन्मदाखला आजच काढून वाच. माझ्या जन्माच्या नोंदीत नगरपालिकेनं आईवडिलांची नावं लिहिली होती आणि माझ्या जागी नुसतं ‘मुलगी’. बाळाचं बारसं व्हायच्या आधी हॉस्पिटलातून नोंद जायची, मग नाव घालायला कोणी परत जायचं नाही. ते नाव नोंदवून घेण्यात माझा दीड महिना गेला. प्रत्येक कागदाचं चांगलं स्कॅन करून दोन ठिकाणी ठेव. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात माझी ट्रंक खालच्या खोलीत होती. आईनं मला व्हिडिओ कॉलवर दाखवली. सगळ्या कागदांचा एक लगदा झाला होता, त्यावर माझ्या बी.एड.च्या फोटोचा निळा रंग तेवढा उरला होता.

अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का), नोटरी, भाषांतर यांचं देशागणिक वेगळं असतं. एजंट सरसकट सगळ्या कागदांना सगळे शिक्के मारून आणतात आणि बिल लावतात. वकिलातीच्या संकेतस्थळावर तुझ्या व्हिसाची यादी असते. त्यात जे आहे तेवढंच कर.

शेवटचं, हे तू विचारलेलं नाहीस. पहिली काही वर्षं तुझा तिथला परवाना लग्नाला बांधलेला असतो. साधारण तीन वर्षं तिथे एकत्र संसार झाला की, पुढे काही बिनसलंच तर तुझ्या स्वतःच्या नावानं राहायचा हक्क तयार होतो. छळ होत असेल तर त्याआधीही कायद्यात सोय आहे. तो मुलगा चांगला असेल, असणारच, तू त्याला पेशंट म्हणून पाहिलंयस. तरी स्वतःच्या नावाचं बँक खातं, स्वतःचे कागद स्वतःजवळ, आणि स्वतःच्या ओळखीची चार माणसं, हे पहिल्या महिन्यापासून असू दे. मी माझ्या भाचीलाही हेच सांगितलं असतं.

प्रश्न

मॅडम, मी साताऱ्याचा, वय ३१, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. माझी होणारी बायको ब्रिटिश आहे, लीड्सला शाळेत शिकवते. तिला लग्न तिच्या आईवडिलांच्या गावी करायचं आहे. त्यासाठी मला फियान्से व्हिसावर, म्हणजे तिकडे जाऊन लग्न करण्यासाठीच्या व्हिसावर, जावं लागेल. त्या काळात मला काम करता येईल का? माझे काका आत्ताच घरजावई म्हणून चिडवतात. माझा पगार चांगला आहे, तो त्यांच्या उत्पन्नाच्या अटीत धरतात का?
— सातारा

उत्तर

नाही आणि नाही. दोन्ही उत्तरं नकाराची आहेत, पण त्यातून वाट निघते.

फियान्से व्हिसा सहा महिन्यांचा असतो आणि त्यावर काम करायला मनाई असते. त्या सहा महिन्यांत लग्न करायचं, मग तिथूनच जोडीदाराच्या परवान्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा फी. तो मंजूर झाला की काम करता येतं. म्हणजे लग्नानंतरही निकाल येईपर्यंत बसूनच. उलट लग्न साताऱ्यात करून, इथूनच पती म्हणून व्हिसा काढलात, तर तो दोन वर्षं नऊ महिन्यांचा मिळतो आणि विमानातून उतरल्यापासून नोकरी करता येते.

पगाराचं. ११ एप्रिल २०२४ पासून जोडीदाराला बोलावणाऱ्याचं उत्पन्न वर्षाला किमान २९,००० पौंड लागतं, आधी ते १८,६०० होतं. तुम्ही भारतातून अर्ज करताना तुमचा इथला पगार त्यात धरत नाहीत, तिचाच धरतात. उत्पन्न अजिबातच नसेल तर ८८,५०० पौंडांची शिल्लक दाखवून अट पुरी करता येते, पण शिक्षिकेकडे तेवढी कुठून असणार. तिची सहा महिन्यांची पगारपत्रकं आणि बँकेचे उतारे आकड्याला आकडा जुळतायत ना ते आधी बघा. शिवाय आरोग्य सेवेचा अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, तो तुमच्या व्हिसाला एकदम आगाऊ भरावा लागतो आणि ३,१०५ होतो. हे आकडे ते मधून मधून बदलतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहा. इंग्रजीची ए-वन पातळी आणि मान्यताप्राप्त क्लिनिकमधली टीबीची तपासणी, या दोन गोष्टी तुम्हाला जड नाहीत.

काम लागलं की मालक ‘शेअर कोड’ मागेल. पूर्वीची प्लास्टिकची कार्डं २०२४ अखेर संपली, आता तुमची परवानगी ऑनलाइन खात्यात असते आणि तिथून तो कोड काढून द्यायचा.

माझं मत विचाराल तर नोंदणी साताऱ्यात करा, आणि तिच्या गावचा सोहळा तुम्ही पती म्हणून गेल्यावर करा. तिच्या आईवडिलांना हे नीट समजावून सांगा, कारण मुलीला चर्चमधून बाहेर येताना बघायची त्यांचीही हौस असते. तुम्ही कामाविना सहा-आठ महिने बसणार आहात, हे त्यांना माहीत नसेल. माहीत झालं तर ते स्वतःच तारीख पुढे नेतील.

आणि काकांचं मनावर घेऊ नका. माझा नवरा सांगलीला आला तेव्हा त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकाला भारतात राहायची मुभा देणारं) होतं, म्हणजे पहिल्या दिवसापासून इथे काम करायला मोकळीक होती. पण मराठी नव्हतं. कुपवाडच्या एमआयडीसीत हळद दळायच्या यंत्रांचं काम त्याला मिळालं, तरी पहिले चार महिने तो फोरमनशी हातवाऱ्यांनी बोलायचा आणि संध्याकाळी घरी येऊन गप्प बसायचा. त्याला कोणी चिडवलं नाही, पण त्याचं तोंड मी बघत होते. बायकोच्या गावात पुरुषाला कसं वाटतं ते मला तेव्हा समजलं. म्हणून सांगते, बसून राहायची वेळ टाळता येत असेल तर टाळाच, काकांसाठी नव्हे, स्वतःसाठी.

प्रश्न

ताई, आमचं मिरजेत सतारी-तंबोरे करायचं पिढीजात काम. आमच्याकडे सतार शिकायला आलेल्या एका जर्मन मुलीशी मुलाचं लग्न झालं, सहा महिने झाले. मुलगा नववीपर्यंत शिकलाय. त्याला तिथे आपलंच काम करता येईल का, की कारखान्यात जावं लागेल? आणि ती परीक्षा त्याला झेपेल का?
— एक वडील, मिरज

उत्तर

दादा, कारखान्यात जायची काही सक्ती नाही. वर मिरजेच्या नर्सताईंना सांगितलं तेच तुमच्या मुलाला लागू आहे. जर्मन मुलीचा नवरा म्हणून जो परवाना मिळतो त्यात स्वतःचा व्यवसायही येतो. जिथे राहील तिथल्या नगरपालिकेत व्यवसायाची नोंद करायची आणि कराच्या खात्याला कळवायचं. सुरुवातीला दुरुस्तीवर भर द्यायला सांगा. पडदे सरकलेली, जवारी (तारा टेकतात त्या घोडीची घासून साधलेली गुंज) गेलेली सतार घेऊन बसलेली माणसं युरोपभर आहेत, आणि जवारी काढणारा हात तिथे सहजासहजी सापडत नाही. माझ्या कासेलच्या शेजाऱ्यांकडे एक सतार अकरा वर्षं भिंतीला टांगलेली होती, कारण घोडीवर कानस चालवायचं धाडस तिथल्या कुणी केलं नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. त्याची प्रत मुलाबरोबर द्या, गिऱ्हाइकाला दाखवायला उपयोगी पडेल.

परीक्षेचं. नववी झाली म्हणून काही अडत नाही, शाळेचं सर्टिफिकेट कोणी मागत नाही. अडचण येते ती लिहिण्याच्या भागात. एक फॉर्म भरायचा असतो आणि एक छोटी चिठ्ठी लिहायची असते, दोन्ही रोमन लिपीत. मराठी-उर्दूत सरावलेला हात तिथे थांबतो आणि वेळ निघून जातो. म्हणून आजपासून त्याला रोज अर्धा तास रोमन अक्षरांत लिहायला बसवा. स्वतःचं नाव, पत्ता, जन्मतारीख, बायकोचं नाव, पेठेतल्या दुकानांची नावं. सूनबाई तिकडून रोज फोन करत असेल, तर तिनं पंधरा मिनिटं फक्त जर्मनच बोलायचं असं ठरवून टाका. सुरांचा कान असलेल्या मुलाला ऐकण्याचा भाग जड जाणार नाही.

आणि तुम्ही मिरजेत, मी सांगलीत विश्रामबागेत. रविवारी दुपारी मी घरीच असते. मासिकाच्या कार्यालयातून माझा पत्ता घ्या आणि मुलाला वही-पेन्सिल घेऊन पाठवा, अक्षरं लावायला मी शिकवते.